अजून किती कसोट्या?

१३ डिसेंबर २०१२ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांची कसोटी सुरू झाली. खेळपट्टी इतकी संथ की सामना अनिर्णित सुटला आणि लोक तो विसरूनही गेले. पण त्या पाच दिवसांत त्या एका मैदानावर कोण कोण होतं, हे आज बघितलं की थक्क व्हायला होतं. सचिन तेंडुलकर होता. त्याला जेम्स अँडरसनने २ धावांवर त्रिफळाचीत केलं. विराट कोहली होता. त्याने १०३ केल्या. इंग्लंडचा कर्णधार अ‍ॅलिस्टर कुक होता. दोन डावांत मिळून त्याच्या १४ धावा झाल्या. आणि २१ वर्षांचा एक पोरगेला इंग्रज पहिलीच कसोटी खेळत होता. त्याने २२९ चेंडू खाऊन ७३ धावा काढल्या. त्याचं नाव जो रूट.

एकाच्या नावावर कसोटीतला सर्वाधिक धावांचा विक्रम होता. उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाबद्दल पुढे कधी ना कधी जगभर बोललं गेलं, की तो विक्रम हाच मोडणार. त्या दिवशी जामठ्याच्या प्रेक्षकांना विचारलं असतं, तर शतक ठोकणाऱ्या विराटवर सगळ्यांनी पैज लावली असती.

पुढची गंमत तर आणखी मोठी. ३० मे २०१६ रोजी कुकने कसोटीतली दहा हजारावी धाव काढली, तेव्हा त्याचं वय होतं ३१ वर्षं १५७ दिवस. इतक्या कमी वयात तिथवर कोणीच पोचलं नव्हतं. सहा वर्षांनी, ५ जून २०२२ रोजी, लॉर्ड्सवर रूटने दहा हजारावी धाव काढली. वय ३१ वर्षं १५७ दिवस. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. देश तोच, टप्पा तोच, वय दिवसानिशी तेच. कुक १२,४७२ धावांवर थांबला. रूट २०२५ संपताना १३,७७७ वर होता आणि अजून खेळतो आहे.

मग भरात असलेला फलंदाज विक्रम मोडेल की नाही, हे आधी सांगता येतं का? येत असेल तर कशावरून?

कट्ट्यावरचा वाद

बीडहून मांजरसुंब्याला यावं आणि पाटोद्याच्या रस्त्याला लागावं, की लिंबागणेश येतं. भालचंद्र गणपतीचं गाव. क्रिकेटचा वाद या गावच्या कट्ट्यावर जसा रंगतो तसाच तो मराठवाड्यातल्या कुठल्याही गावी रंगतो. एक जण म्हणतो, "औंदा ह्याची बॅट बोलायलीय, सचिनचा रेकॉर्ड गेलाच समज." दुसरा म्हणतो, "सचिन तो सचिन, त्याला कोन हात लावत न्हाई." दोघंही छातीठोक बोलतात आणि दोघांकडेही हिशेब नसतो.

बीड जिल्ह्याला तर या वादात घरचा माणूस आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनी इथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. यजमानांच्या २४४ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ अशी झाली होती. तिथून बीडच्या सचिन धसने कर्णधार उदय सहारनच्या साथीने १७१ धावांची भागीदारी केली आणि ९५ चेंडूंत ९६ धावा काढून सामना फिरवला. या पोराचं नाव वडिलांनी तेंडुलकरवरूनच ठेवलेलं. तेव्हा "दुसरा सचिन पहिल्याचा विक्रम मोडणार का?" हा प्रश्न जिल्हाभर विचारला गेला नसता तरच नवल.

हा वाद भागाकार, गुणाकार आणि थोडी वजाबाकी एवढ्यावर बराचसा मिटवता येतो. पानाच्या टपरीवरच्या वहीत मावेल इतकंच गणित लागतं. पण आधी मोडायचं काय आहे, ते बघू.

डोंगर केवढा आहे?

कसोटीतल्या सर्वाधिक धावांचा विक्रम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात आला आहे. गॅरी सोबर्सच्या ८,०३२ धावा होत्या. जेफ्री बॉयकॉटने तो विक्रम मोडला, पण थांबला ८,११४ वर. म्हणजे सोबर्सच्या पुढे फक्त ८२ धावा. १९८३ मध्ये सुनील गावसकर बॉयकॉटच्या पुढे गेला आणि १०,१२२ वर थांबला. वाढ २,००८ धावांची. १९९३ मध्ये अ‍ॅलन बॉर्डर आला, त्याने विक्रम ११,१७४ वर नेला, वाढ १,०५२. मग ब्रायन लारा, ११,९५३, वाढ ७७९.

१७ ऑक्टोबर २००८ रोजी मोहालीत सचिनने लाराला मागे टाकलं आणि त्यानंतर पाच वर्षं तो खेळतच राहिला. २०० कसोट्या, ३२९ डाव, ५१ शतकं, १५,९२१ धावा. लाराच्या पुढे ३,९६८. बॉयकॉट, बॉर्डर आणि लारा या तिघांनी विक्रमात घातलेली भर एकत्र केली तरी ती दोन हजारांच्या आत राहते. एकट्या सचिनची भर त्याच्या दुप्पट आहे.

या साखळीतल्या दोन सर्वांत मोठ्या उड्या गावसकर आणि तेंडुलकर या दोन मुंबईकरांच्या. दोघांनीही मारलेल्या फटक्यांबद्दल आपण भरपूर बोलतो. इथे मात्र त्यांच्या बाद होण्याकडे बघायचं आहे.

पंचावन्न चिठ्ठ्या

एक प्रयोग करून बघा. रिकाम्या डब्यात ५५ चिठ्ठ्या टाका. ५४ वर ‘धाव’ लिहा, एकीवर ‘आऊट’. डबा हलवा, डोळे मिटून चिठ्ठी काढा. ‘धाव’ आली तर एक धाव मांडा, चिठ्ठी परत टाका, पुन्हा हलवा. ‘आऊट’ आली की डाव संपला.

या डब्याची सरासरी बरोबर ५४ येते. सचिनची कसोटीतली सरासरी ५३.७८. म्हणजे हा डबा हाच आपला कागदी तेंडुलकर. त्याला ना सराव, ना तंत्र, ना फॉर्म. प्रत्येक धावेला बाद होण्याचा धोका तोच, पंचावन्नात एक.

आता या डब्याला ३२९ डाव खेळायला लावले तर शंभरी किती वेळा होईल? शंभर वेळा लागोपाठ ‘धाव’ निघण्याची शक्यता येते साधारण १६ टक्के. ३२९ डावांत झाली ५२ शतकं. खऱ्या सचिनची शतकं ५१!

योगायोग वाटत असेल तर डॉन ब्रॅडमनकडे बघा. सरासरी ९९.९४, डाव ८०. त्याच्या डब्यात १०१ चिठ्ठ्या टाकल्या तर हिशेबाने २९ ते ३० शतकं निघतात. प्रत्यक्षात त्याने २९ केली. गावसकरची सरासरी ५१.१२, डाव २१४. डबा सांगतो ३१, प्रत्यक्षात ३४. नाबाद डाव मध्येच तुटतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण ढोबळ असून इतका जवळ जातो, याचं आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. १९४५ मध्येच इंग्लंडमध्ये वुड आणि एल्डर्टन या संख्याशास्त्रज्ञांनी क्रिकेटच्या धावसंख्या याच साच्यात बसतात का, हे तपासून त्यावर शोधनिबंध लिहिले होते.

एका जागी मात्र डबा साफ चुकतो. त्याच्या हिशेबाने सचिनला ३२९ डावांत सहाएक भोपळे मिळायला हवे होते. प्रत्यक्षात मिळाले १४. ब्रॅडमनला जेमतेम एक मिळायला हवा होता, मिळाले ७. गावसकरला ४ ऐवजी १२. थोर फलंदाजही डावाच्या सुरुवातीला तितका थोर नसतो. खेळपट्टीचा अंदाज नसतो, चेंडूवर नजर बसलेली नसते. तेव्हा ‘आऊट’च्या चिठ्ठ्या दोन-तीन असतात. नजर बसली की त्या कमी होतात. आपल्याकडचे जुने जाणते "पहिली दहा षटकं निघू द्या, मग बघा" म्हणायचे, ते आकड्यांत असं उतरतं.

डब्यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक डाव हा बहुतांशी नशिबाचा खेळ आहे. ५४ सरासरीचा माणूस आज १५० करील की ४, हे कोणी सांगू शकत नाही. पण ३०० डावांची बेरीज नशिबाच्या हातात फारशी राहत नाही, ती सरासरीच्या जवळ येतेच. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे पावसावरून ठाऊक आहे: यंदा मृग कोरडा जाईल की नाही ते सरासरीवरून कळत नाही, पण तीस वर्षांची बेरीज काय येईल, ते बरंचसं कळतं.

फॉर्म नावाची भूल

आता फॉर्मकडे येऊ. ऑक्टोबर २०१९, पुण्याजवळचं गहुंजे. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विराट कोहलीने नाबाद २५४ धावा केल्या. कारकिर्दीतला त्याचा सर्वोच्च डाव. त्याच डावात त्याने सात हजारांचा टप्पा ओलांडला आणि त्याची सरासरी ५५.१० वर पोचली. वय ३० वर्षं. त्या संध्याकाळी "सचिनचे सगळे विक्रम आता विराटचे" असं म्हणणाऱ्याला कोणी वेड्यात काढलं नसतं.

पुढचे डाव असे झाले: रांचीत १२, इंदूरला बांगलादेशविरुद्ध भोपळा, मग कोलकात्यात गुलाबी चेंडूवर १३६. आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत कसोटीत एकही शतक नाही! तीन वर्षांहून अधिक काळ. २०१९ संपताना विराटच्या ८४ कसोट्यांत ७,२०२ धावा होत्या. पुढच्या ३९ कसोट्यांत त्याने २,०२८ केल्या आणि १२ मे २०२५ रोजी ९,२३० धावांवर कसोटीतून निवृत्ती जाहीर केली.

आपण ज्याला फॉर्म म्हणतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. फलंदाज खरोखर सुधारलेला असतो हा एक भाग, आणि ‘आऊट’ची चिठ्ठी बरेच दिवस हाती न आलेली असते हा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आपण फलंदाजाबद्दल बोलायला लागतो तेच मुळी त्याने लागोपाठ मोठे डाव खेळल्यावर, म्हणजे दुसरा भाग सर्वांत जास्त असतो तेव्हा. त्यामुळे शिखरावर केलेलं भाकीत जवळजवळ नेहमीच फुगलेलं असतं, आणि पुढे फलंदाज नुसता आपल्या नेहमीच्या सरासरीवर आला तरी लोकांना वाटतं की त्याला दृष्ट लागली.

तरी विराटने सचिनचा एक मोठा विक्रम मोडलाच. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर, न्यूझीलंडविरुद्धच्या विश्वचषक उपांत्य सामन्यात, प्रेक्षकांत सचिन बसलेला असताना, त्याने एकदिवसीय सामन्यांतलं पन्नासावं शतक ठोकलं आणि सचिनच्या ४९ शतकांना मागे टाकलं. माणूस तोच, कस तोच. गहुंजेवरून केलेलं एक भाकीत खोटं ठरलं, दुसरं खरं. एका विक्रमापासून तो जवळ होता, दुसऱ्यापासून फार लांब होता. किती लांब, ते मोजता आलं असतं.

टपरीच्या वहीतला हिशेब

त्यासाठी तीन आकडे लागतात: दर कसोटीमागे धावा किती, विक्रमासाठी अजून धावा किती हव्यात, आणि त्याचा देश वर्षाला कसोट्या किती खेळतो.

२०१९ अखेरचा विराट घ्या. ७,२०२ भागिले ८४, म्हणजे दर कसोटीला ८५.७ धावा. आता रूट घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताविरुद्धची मालिका संपली तेव्हा त्याच्या १५८ कसोट्यांत १३,५४३ धावा होत्या. भागाकार करा: ८५.७! जामठ्यावरच्या त्या दोघांचा वेग, एकाचा २०१९ अखेरचा आणि दुसऱ्याचा ऑगस्ट २०२५ मधला, दशांशापर्यंत सारखा. सचिनचा संपूर्ण कारकिर्दीचा वेग ७९.६ होता, म्हणजे दोघंही त्याच्यापेक्षा जोरात पळत होते.

मग फरक कुठे? उरलेल्या अंतरात. विराटला हव्या होत्या ८,७२० धावा. त्या वेगाने १०२ कसोट्या. भारत वर्षाला नऊ-दहा कसोट्या खेळतो असं धरलं, तर दहा-अकरा वर्षं. म्हणजे वयाच्या बेचाळिशीपर्यंत, एकही मालिका न चुकवता, एकदाही वेग न मंदावता. रूटला २०२५ संपताना हव्या होत्या २,१४५ धावा. सुमारे २५ कसोट्या, आणि इंग्लंड वर्षाला दहा-बारा कसोट्या खेळतं. अडीच वर्षांच्या आतबाहेर.

इथे चिठ्ठ्यांचा डबा पुन्हा कामाला येतो. २५ कसोट्यांत रूटचं नशीब किती वरखाली होईल? हिशेबाने तीनएकशे धावा इकडे किंवा तिकडे, म्हणजे तीन-चार कसोट्यांचा फरक. तेवढ्याने विक्रम हुकत नाही, फक्त उशीर होतो. त्यामुळे रूट धावा काढील का, हा प्रश्न मागे पडतो. तो अजून २५ कसोट्या खेळेल का, एवढाच उरतो.

या तिसऱ्या आकड्याकडे सहसा कोणी बघत नाही. केन विल्यमसन हा न्यूझीलंडचा फलंदाज रूटच्या तोडीचा. त्याची सरासरी रूटहूनही जास्त. त्याने २०१० मध्ये, रूटच्या दोन वर्षं आधी, कसोटी खेळायला सुरुवात केली. पण २०२४ संपताना रूटच्या कसोट्या झाल्या होत्या १५२ आणि विल्यमसनच्या १०५. न्यूझीलंडच्या वाट्याला सामनेच कमी येतात. विल्यमसनच्या बॅटीत काही कमी नाही. कमी आहे ती त्याच्या देशाच्या वेळापत्रकात.

अमेरिकेहून आलेलं सूत्र

या हिशेबात वयाचं काय करायचं? अमेरिकेतल्या बिल जेम्स या बेसबॉलच्या आकडेवेड्या लेखकाने त्यावर एक सोपा ठोकताळा काढला. तो बेसबॉलसाठी आहे, पण क्रिकेटला लावून बघायला हरकत नाही.

पहिली पायरी: फलंदाजाची उरलेली वर्षं. वयाला ०.६ ने गुणा आणि उत्तर २४ मधून वजा करा. दुसरी पायरी: वर्षाची कुवत. सरत्या वर्षाच्या धावा तीनदा, त्याआधीच्या वर्षाच्या दोनदा, त्याहीआधीच्या एकदा धरा. बेरजेला सहाने भागा. म्हणजे ताज्या फॉर्मला वजन मिळतं, पण सगळं वजन नाही. तिसरी पायरी: वर्षं गुणिले कुवत, म्हणजे पुढे होणाऱ्या धावा. त्याला हव्या असलेल्या धावांनी भागा आणि अर्धा वजा करा. आलेली संख्या ही शक्यता. अर्धा का वजा करायचा? हिशेबाने जितक्या हव्यात तितक्याच धावा होणार असतील, तर भागाकार १ येतो. मग प्रकरण निम्मंनिम्म. १ मधून अर्धा गेला की ५० टक्के. बरोबर बसतं.

रूटसाठी मांडून बघू. २०२५ संपताना वय ३५. उरलेली वर्षं २४ वजा २१, म्हणजे ३. त्याच्या धावा: २०२५ मध्ये ८०५, २०२४ मध्ये १,५५६, २०२३ मध्ये ७८७. कुवत १,०५२. तीन वर्षांत ३,१५७. हव्यात २,१४५. भागाकार १.४७, अर्धा वजा केला की ९७ टक्के. जेम्सच्या सूत्रात यापेक्षा जास्त खात्री कोणालाच मिळत नाही. शंभर टक्के त्याने कोणाला ठेवलेलेच नाहीत.

आता हेच सूत्र मागे नेऊ. २०१८ संपताना विराट तिशीत होता, तीन वर्षं लागोपाठ हजारांवर धावा केलेला. सूत्र म्हणतं २८ टक्के. जग तेव्हा शंभर म्हणत होतं. २०१९ संपताना, गहुंजेच्या २५४ धावा धरूनही, सूत्र म्हणतं ७ टक्के. कुकला २०१६ संपताना ११,०५७ धावांवर सूत्र ६४ टक्के देतं. कुक दोनच वर्षांत, तेहतिसाव्या वर्षी, थांबला. शेवटच्या डावात ओव्हलवर १४७ धावा करून गेला. हात थकले होते असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण तो थांबला म्हणून सूत्र खोटं ठरत नाही. ६४ टक्क्यांचा अर्थच असा, की अशा शंभरांपैकी ३६ जण पोचणार नाहीत.

आपल्या यशस्वी जयस्वालचं काय? मुंबईच्या आझाद मैदानावर तंबूत राहून क्रिकेट शिकलेला हा पोरगा. २०२५ संपताना २८ कसोट्यांत २,५११ धावा, दर कसोटीला ८९.७. विराट आणि रूट दोघांहून जास्त! वय २४. सूत्र म्हणतं १५ टक्के. कारण त्याला याच वेगाने आणखी दीडशे कसोट्या खेळाव्या लागतील, म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंत. सचिन निवृत्त झाला तेव्हा चाळीस वर्षांचाच होता. १५ टक्के कमी वाटतात, पण चोविसाव्या वर्षी एवढे मिळणं ही साधी गोष्ट नाही.

शून्य टक्के

हे सूत्र एकदा खुद्द सचिनलाही लावून बघायला हवं.

२००६ चं साल संपताना सचिन ३३ वर्षांचा होता. कोपराच्या दुखण्याने दोन वर्षं छळलेलं. मे २००५ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया, मार्च २००६ मध्ये खांद्यावर. त्याच मार्चमध्ये वानखेडेवर, घरच्या मैदानावर, एका धावेवर बाद होऊन परतताना प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. २००४ मध्ये त्याच्या ९१५ कसोटी धावा, २००५ मध्ये ४४४, २००६ मध्ये २६७. एकूण १०,५९०.

सूत्र लावा. उरलेली वर्षं ४.२. कुवत ४३४. पुढे होणाऱ्या धावा १,८२३. आज आपण ज्या आकड्याला डोंगर म्हणतो त्या १५,९२१ पर्यंत जायला त्याला हव्या होत्या ५,३३१. भागाकार ०.३४. त्यातून अर्धा वजा केला की उत्तर शून्याच्याही खाली जातं.

म्हणजे ज्या विक्रमाचं भाकीत करायला आपण हे सूत्र घेऊन बसलो, तो विक्रम होणारच नाही, असं हे सूत्र २००६ मध्ये सांगत होतं. सचिनने मात्र त्या ५,३३१ धावा काढल्या. त्यांपैकी १,५६२ एकट्या २०१० सालात, वयाच्या ३७ व्या वर्षी.

सूत्र इथे का फसलं, हे समजून घेण्यासारखं आहे. त्याला फक्त धावा दिसतात. धावा कमी झाल्या तर ते म्हणतं, फलंदाज उतरणीला लागला. पण धावा वयाने आटल्या की दुखऱ्या कोपराने, हा भेद आकड्यात दिसत नाही. वय परत फिरत नाही. कोपर बरा होतो. तो भेद डॉक्टरला कळतो, शेजारी सराव करणाऱ्याला कळतो, कदाचित खुद्द खेळाडूला कळतो. आणि विक्रम करणारी माणसं नेमकी नेहमीच्या नियमाबाहेरची असतात. शंभरातले नव्व्याण्णव जिथे संपतात तिथून पुढे ती पाच हजार धावा काढतात. सूत्र नव्व्याण्णवांवर बेतलेलं असतं.

काही गोष्टी तर कुठल्याच सूत्रात मावत नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध रणजी सामना खेळत होते. नाबाद ४४३. एका डावातला ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम फक्त ९ धावा लांब. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झालेल्या. त्या क्षणी कोणी शक्यता काढली असती तर ती नव्वद टक्क्यांच्या खाली आली नसती. पण काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला, सामना सोडून दिला आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले. पुढे त्यांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.

तर मग काय समजायचं?

बीडच्या सचिन धसबद्दल विचाराल, तर हिशेब मांडायला आकडेच नाहीत. सूत्राला निदान तीन वर्षांच्या कसोटी धावा लागतात. एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकावरून पुढचं सांगणं किती अवघड असतं, याला दोन कर्णधार साक्षीला आहेत. २००८ चा विश्वचषक जिंकून देणारा विराट कोहली झाला. २०१२ च्या अंतिम सामन्यात नाबाद १११ करून विश्वचषक जिंकून देणाऱ्या उन्मुक्त चंदला भारताच्या मुख्य संघातून एकही सामना मिळाला नाही. म्हणून त्या पोरावर आत्ताच १५,९२१ चं ओझं टाकू नये. बेनोनीच्या ९६ धावा स्वतःच्या बळावर मोठ्या आहेत.

रूटबद्दल विचाराल, तर माझं मत असं: तो २५ कसोट्या खेळला तर विक्रम मोडेल, आणि तो खेळेल असंच आजचे आकडे सांगतात. पण ९७ टक्के हा आकडा मी स्वतः थोडा खालीच धरीन. बेसबॉलच्या सूत्राला पस्तिशीतल्या पाठीचं दुखणं ठाऊक नाही, आणि कुकसारखं "आता पुरे" म्हणणारं मन तर कुठल्याच सूत्राला ठाऊक नसतं.

लिंबागणेशच्या आणि इतर सगळ्याच कट्ट्यांवरच्या वाचकांना एक विनंती. यापुढे कोणी "हा विक्रम मोडणारच" म्हणाला, तर त्याच्या शेवटच्या तीन डावांबद्दल वाद घालू नका. त्याला एवढंच विचारा, अजून किती कसोट्या लागतील आणि तेव्हा त्याचं वय काय असेल? उत्तर वहीत टक्क्यांत लिहा, खाली तारीख टाका आणि वही जपून ठेवा.